चित्रीकरणस्थळावरील आरोग्य व सुरक्षा जोखीम मूल्यांकन

चित्रीकरणस्थळावरील आरोग्य व सुरक्षा जोखीम मूल्यांकन म्हणजे चित्रपट, मालिका, माहितीपट किंवा जाहिरातीचे चित्रीकरण सुरू होण्यापूर्वी आणि ते चालू असताना कलाकार, तंत्रज्ञ, कामगार व परिसरातील नागरिक यांना होऊ शकणारी इजा अथवा आजार यांचा पद्धतशीर अंदाज घेऊन ती टाळण्याचे उपाय ठरवण्याची प्रक्रिया होय. ही प्रक्रिया लेखी असते. कोणता धोका आहे, तो कोणाला आहे, त्यावर कोणता उपाय योजला आणि त्या उपायाची जबाबदारी कोणाची, या चार प्रश्नांची उत्तरे तिच्यात नोंदवली जातात.

कारखान्याची जागा, यंत्रे व कामगार बराच काळ तेच असतात. चित्रीकरणाचे स्थळ मात्र दर काही दिवसांनी बदलते, काम करणारी माणसे प्रकल्पापुरती एकत्र येतात आणि एकाच दिवशी वीज, उंची, आग, वाहने, प्राणी व गर्दी हे सर्व घटक एकत्र येऊ शकतात. त्यामुळे एका चित्रपटासाठी केलेले मूल्यांकन दुसऱ्याला, किंवा एका स्थळासाठी केलेले दुसऱ्या स्थळाला, जसेच्या तसे लागू पडत नाही.

## संकल्पना

या विषयात 'धोका' आणि 'जोखीम' या दोन शब्दांचा अर्थ वेगळा मानला जातो. इजा करू शकणारी कोणतीही वस्तू, स्थिती किंवा कृती म्हणजे धोका. त्या धोक्यातून प्रत्यक्ष इजा होण्याची शक्यता आणि त्या इजेची तीव्रता यांचा एकत्रित विचार म्हणजे जोखीम. किल्ल्याची कठडा नसलेली तटबंदी हा धोका आहे. तिच्यापासून पन्नास फूट दूर, दिवसाउजेडी चित्रीकरण होत असेल तर जोखीम कमी असते. त्याच तटबंदीवर रात्री दोनशे माणसांचा वावर असेल तर तीच जोखीम अनेक पटींनी वाढते.

जोखमीचे मोजमाप बहुधा पाच गुणिले पाच अशा कोष्टकाने केले जाते. शक्यतेला १ ते ५ आणि तीव्रतेला १ ते ५ गुण देऊन त्यांचा गुणाकार करतात. गुणाकार जितका मोठा, तितका तो धोका आधी हाताळायचा. हे आकडे शास्त्रीय मोजमाप नसून प्राधान्यक्रम ठरवण्याचे साधन आहेत. तीव्रता ५, म्हणजे मृत्यूची शक्यता, असेल तर गुणाकार लहान असला तरी त्या धोक्याकडे दुर्लक्ष न करण्याचा संकेत आहे.

## पार्श्वभूमी

भारतीय चित्रपटसृष्टीच्या आरंभापासूनच निर्मितीची किंमत शरीराने मोजल्याची उदाहरणे आढळतात. 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) या चित्रपटाच्या निर्मितीपूर्वी चित्रपटमाध्यमाचा अहोरात्र अभ्यास करताना दादासाहेब फाळके यांची दृष्टी काही काळ गेली होती. १९४२ साली 'जंग-ए-आझादी' या चित्रपटातील एका प्रसंगात सहकलाकार मास्टर भगवान यांनी मारलेली थप्पड जोरात लागल्याने अभिनेत्री ललिता पवार यांना चेहऱ्याचा पक्षाघात झाला आणि त्यांच्या डाव्या डोळ्यात कायमचे व्यंग राहिले. नायिकेच्या भूमिकांचा त्यांचा मार्ग त्यामुळे बंद झाला व पुढील कारकीर्द चरित्रभूमिकांमध्ये घडली. व्ही. शांताराम यांच्या डोळ्यांना 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) मधील बैलाशी झुंजीच्या दृश्यात गंभीर दुखापत झाली होती. 'मदर इंडिया' (१९५७) च्या गुजरातमधील चित्रीकरणात आगीचे दृश्य आवाक्याबाहेर गेले आणि ज्वाळांत अडकलेल्या नर्गिस यांना सुनील दत्त यांनी बाहेर काढले.

अशा घटना दीर्घकाळ शौर्यकथा म्हणून सांगितल्या गेल्या. त्यांकडे टाळता येण्याजोगे अपघात म्हणून पाहण्याची दृष्टी पुढे विकसित झाली. २६ जुलै १९८२ रोजी बंगळूर येथे 'कुली'च्या हाणामारीच्या दृश्यात अमिताभ बच्चन यांच्या पोटाला झालेली प्राणघातक इजा देशभर चर्चेचा विषय ठरली. त्याच आठवड्यात, २३ जुलै १९८२ रोजी, अमेरिकेत 'ट्वायलाइट झोन' या चित्रपटाच्या चित्रीकरणात हेलिकॉप्टर कोसळून अभिनेते व्हिक मॉरो आणि दोन बालकलाकार ठार झाले. या दुर्घटनेनंतर तेथील चित्रपट उद्योगात सुरक्षाविषयक नियमावली अधिक काटेकोर झाली.

भारतातील सर्वांत भीषण घटना ८ फेब्रुवारी १९८९ रोजी म्हैसूरच्या प्रीमियर स्टुडिओत घडली. 'द सोर्ड ऑफ टिपू सुलतान' या मालिकेच्या संचाला लागलेल्या आगीत ६२ जणांचा मृत्यू झाला आणि अभिनेते-दिग्दर्शक संजय खान गंभीर भाजले. ज्वलनशील सजावट, सदोष वायरिंग, वायुवीजनाचा अभाव आणि अग्निशमन साधनांची कमतरता ही त्या आगीसंबंधी सांगितली जाणारी कारणे आहेत. यांपैकी प्रत्येक कारण संचाच्या साध्या पाहणीत आधीच दिसू शकणारे होते.

## प्रक्रिया

ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा कार्यकारी मंडळाने रूढ केलेली पाच पायऱ्यांची पद्धत जगभर वापरली जाते. ब्रिटनमध्ये १९७४ च्या कायद्याने मालकावर कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेची जबाबदारी टाकली असून, पाच किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकाला मूल्यांकनातील महत्त्वाचे निष्कर्ष लेखी ठेवावे लागतात. चित्रीकरणाच्या संदर्भात या पायऱ्या पुढीलप्रमाणे असतात.

### धोके ओळखणे

पहिले वाचन संहितेचे असते. संहितेत 'रात्र. पाऊस. नायक विहिरीत उडी घेतो' असे लिहिलेले असेल, तर त्या एका ओळीत अंधार, ओल्या जमिनीवरील वीजवाहिन्या, उंची व पाणी असे चार धोके असतात. दुसरी पाहणी स्थळाची असते, तिला व्यवसायात 'रेकी' म्हणतात. रेकी बहुधा दिग्दर्शक आणि छायालेखक दृश्याच्या दृष्टीने करतात. सुरक्षेसाठीची रेकी त्याच वेळी, पण वेगळ्या नजरेने करावी लागते. डोक्यावरून जाणाऱ्या वीजतारा, जुन्या बांधकामाची मजबुती, मोबाइलचे नेटवर्क, रुग्णवाहिका येण्याचा रस्ता, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृहे आणि जवळचे रुग्णालय यांची नोंद तीत होते. चित्रीकरण रात्रीचे असेल तर रेकीही एकदा रात्री करणे इष्ट मानले जाते.

### कोणाला धोका आहे हे ठरवणे

संचावरील सर्वांची जोखीम सारखी नसते. साहसदृश्य करणारा कलाकार प्रशिक्षित असतो व त्याच्या भोवती व्यवस्था असते. याउलट लाइटमन, स्पॉटबॉय, सेटिंगचे कामगार, चालक, प्राण्यांची देखभाल करणारे आणि ऐनवेळी गावातून गोळा केलेले ज्युनिअर आर्टिस्ट यांना धोक्याची पूर्वकल्पना बहुधा नसते. बालकलाकार, गरोदर स्त्रिया, वृद्ध कलाकार आणि संचाची भाषा न समजणारे कामगार यांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो.

### नियंत्रणाचे उपाय ठरवणे

उपायांचा एक उतरता क्रम मानला जातो:

* धोका काढून टाकणे: खोल पाण्याऐवजी उथळ कुंडात दृश्य चित्रित करणे.
* पर्याय वापरणे: खऱ्या आगीऐवजी दृश्य परिणामांचा आधार घेणे, काचेऐवजी ठिसूळ राळेची बाटली वापरणे.
* तांत्रिक अडसर उभा करणे: कठडे, जाळ्या, विद्युत गळती होताच प्रवाह तोडणारी कळ.
* कार्यपद्धती बदलणे: तालीम, कामाच्या वेळा, प्रवेशबंदी, पूर्वसूचना.
* वैयक्तिक साधने देणे: हार्नेस, शिरस्त्राण, जीवरक्षक जॅकेट, हातमोजे.

वैयक्तिक साधने सर्वांत शेवटी येतात, कारण ती धोका कमी करत नाहीत. इतर उपाय अपुरे पडल्यास फक्त इजेची तीव्रता घटवतात. प्रत्यक्षात मात्र स्वस्त व सोपा म्हणून हाच उपाय बहुधा प्रथम योजला जातो.

### नोंद करणे व सर्वांना सांगणे

मूल्यांकनाचा कागद फाइलमध्ये राहिला तर त्याचा उपयोग होत नाही. म्हणून त्यातील मुख्य मुद्दे रोजच्या कॉल शीटवर छापणे आणि दिवसाच्या आरंभी सर्व विभागांना एकत्र उभे करून पाच मिनिटांत तोंडी सांगणे ही पद्धत अवलंबली जाते. कॉल शीटवर रुग्णालयाचे नाव व अंतर, प्रथमोपचार करणारी व्यक्ती, आपत्कालीन वाहन आणि त्या दिवसाचा विशेष धोका यांचा उल्लेख असतो.

### फेरआढावा घेणे

संहितेत बदल झाला, पाऊस आला, एखादे यंत्र बदलले किंवा अपघात थोडक्यात टळला, तर मूल्यांकन पुन्हा करावे लागते. थोडक्यात टळलेल्या अपघाताची नोंद ही विशेष मोलाची मानली जाते, कारण तीच चूक पुढच्या वेळी इजा करू शकते.

## धोक्यांचे प्रमुख प्रकार

### वीज व प्रकाशयोजना

जनरेटर व्हॅनपासून दिव्यांपर्यंत जमिनीवरून जाणाऱ्या जाड केबल हा संचावरील सर्वांत परिचित आणि म्हणूनच सर्वांत दुर्लक्षित धोका आहे. केबलचे उघडे जोड, पावसाचे पाणी, जनरेटरचे अपुरे भूसंपर्कन आणि एका जोडणीवर पडणारा अतिरिक्त भार यांतून विजेचा धक्का बसतो किंवा आग लागते. नोव्हेंबर २०२४ मध्ये गोरेगाव येथील दादासाहेब फाळके चित्रनगरीत एका मालिकेच्या संचावर कॅमेरा विभागातील एका कामगाराचा विजेच्या धक्क्याने मृत्यू झाला. धातूची शिडी, जिमी जिब किंवा क्रेन वीजवाहिनीजवळ उभी करायची असल्यास वीज वितरण कंपनीकडून तेवढ्या वेळेपुरता पुरवठा बंद करून घेणे हा सुरक्षित उपाय आहे.

### आग

प्लायवूड, थर्माकोल, कापड, तागाची पोती आणि रंग यांनी उभारलेला संच अत्यंत ज्वलनशील असतो. १६ सप्टेंबर २०१७ रोजी चेंबूरच्या आर. के. स्टुडिओला लागलेल्या आगीत स्टुडिओचा मोठा भाग जळून खाक झाला. त्या दिवशी चित्रीकरण नसल्याने जीवितहानी टळली, परंतु राज कपूर यांच्या चित्रपटांतील वेशभूषेचा व वस्तूंचा अमूल्य ठेवा नष्ट झाला. संचाला किमान दोन मोकळे बाहेर पडण्याचे मार्ग असणे, ते सामानाने न अडवणे आणि प्रशिक्षित माणसाच्या हाती अग्निशामक नळकांडी असणे या मूलभूत अपेक्षा आहेत.

### उंची, क्रेन व तात्पुरती बांधकामे

१९ फेब्रुवारी २०२० रोजी चेन्नईजवळ 'इंडियन २' या चित्रपटाच्या संचावर प्रकाशयोजनेसाठी वापरलेली क्रेन कोसळून तीन कर्मचारी ठार झाले. दृश्य चित्रित करताना नव्हे, तर त्याची तयारी चालू असताना हा अपघात घडला. क्रेनची वहनक्षमता, जमिनीचा भक्कमपणा, वाऱ्याचा वेग आणि तिच्या पडझडीच्या कक्षेत माणसांना मज्जाव हे मूल्यांकनाचे मुख्य मुद्दे असतात.

महाराष्ट्रात ऐतिहासिक चित्रपटांमुळे गडकिल्ल्यांवरील चित्रीकरणाला विशेष महत्त्व आहे. मार्च २०२३ मध्ये पन्हाळगडावर एका ऐतिहासिक चित्रपटाच्या चित्रीकरणकाळात घोड्यांची देखभाल करणारा १९ वर्षांचा तरुण रात्री तटबंदीवरून खाली कोसळला आणि पुढे उपचारांदरम्यान त्याचा मृत्यू झाला. त्या वेळी तो कोणत्याही दृश्यात सहभागी नव्हता.

### पाणी

७ नोव्हेंबर २०१६ रोजी बंगळूरजवळील थिप्पगोंडनहळ्ळी जलाशयात 'मास्तीगुडी' या कन्नड चित्रपटासाठी हेलिकॉप्टरमधून उडी घेतलेले अनिल व उदय हे दोन अभिनेते बुडाले. दोघांच्या अंगावर जीवरक्षक जॅकेट नव्हते आणि बचावाची बोट त्यांच्यापर्यंत वेळेत पोहोचू शकली नाही. एप्रिल २०२५ मध्ये सातारा जिल्ह्यातील संगम माहुली येथे गाण्याच्या चित्रीकरणानंतर अंगावरील रंग धुण्यासाठी कृष्णेच्या पात्रात उतरलेला एक नर्तक वाहून गेला. नदीकाठच्या चित्रीकरणात पाण्यातील दृश्य नसले तरी जीवरक्षक, दोरखंड व पाण्यात उतरण्यास मज्जाव असलेली सीमा आवश्यक असते, हे या घटनेतून दिसून येते.

### साहसदृश्ये, शस्त्रे व वाहने

३१ मार्च १९९३ रोजी 'द क्रो' च्या चित्रीकरणात ब्रँडन ली यांचा आणि २१ ऑक्टोबर २०२१ रोजी 'रस्ट' च्या संचावर छायालेखिका हलिना हचिन्स यांचा बंदुकीच्या गोळीने मृत्यू झाला. दोन्ही वेळी बंदूक निर्धोक आहे असे गृहीत धरले गेले होते. शस्त्र एकाच जबाबदार व्यक्तीच्या ताब्यात असणे, जिवंत काडतूस स्थळावर न आणणे आणि दृश्यापूर्वी कलाकारासमोर शस्त्र उघडून दाखवणे हे त्यावरील मान्य उपाय आहेत. जुलै २०२५ मध्ये तमिळनाडूत मोटार उलटवण्याचे दृश्य करताना साहसदृश्य कलाकार मोहन राज यांचा मृत्यू झाला, त्यानंतर भारतीय साहसदृश्य कलाकारांच्या विम्याचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला.

### लोहमार्ग व रस्ते

२० फेब्रुवारी २०१४ रोजी अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात 'मिडनाइट रायडर' या चित्रपटाचे चित्रीकरण रेल्वे पुलावर परवानगीशिवाय चालू असताना मालगाडी आली आणि कॅमेरा सहायक सारा जोन्स यांचा मृत्यू झाला. या प्रकरणात दिग्दर्शकाला कारावासाची शिक्षा झाली. परवानगी हा केवळ कार्यालयीन सोपस्कार नसून ती घेताना गाड्यांच्या वेळा व मार्ग बंद ठेवण्याची व्यवस्था यांची माहिती मिळते, म्हणून ती सुरक्षेचाच भाग ठरते.

### थकवा

बारा तासांच्या शिफ्टनंतर दोन तासांचा प्रवास आणि दुसऱ्या दिवशी पहाटेची हजेरी हा मालिकांच्या निर्मितीतील नेहमीचा क्रम आहे. १९९७ साली अमेरिकेत एकोणीस तासांच्या कामानंतर घरी परतताना कॅमेरा सहायक ब्रेंट हर्शमन यांचा मोटार अपघातात मृत्यू झाला. त्या घटनेने अस्वस्थ झालेले छायालेखक हॅस्केल वेक्सलर यांनी पुढे निद्राभावावर माहितीपट केला. दोन शिफ्टमधील विश्रांती आणि चालकाची झोप यांची नोंद मूल्यांकनात असणे त्यामुळे आवश्यक मानले जाते.

### संसर्गजन्य रोग

कोविड-१९ महामारीने चित्रीकरणस्थळाकडे आरोग्याच्या दृष्टीने पाहण्यास भाग पाडले. महाराष्ट्र शासनाने ३१ मे २०२० रोजी मार्गदर्शक सूचनांसह चित्रीकरणास पुन्हा परवानगी दिली. त्यांतील ६५ वर्षांवरील व्यक्तींना संचावर मज्जाव करणारी अट मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये रद्द ठरवली. सरसकट वयाच्या आधारे उपजीविका रोखण्याचा आणि ज्येष्ठांच्या संरक्षणाचा हा पेच जोखीम मूल्यांकनातील मूलभूत पेच आहे. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२० मध्ये स्वतंत्र कार्यपद्धती जाहीर केली. सप्टेंबर २०२० मध्ये साताऱ्यात 'आई माझी काळूबाई' या मालिकेच्या चित्रीकरणकाळात अनेकांना संसर्ग झाला आणि ज्येष्ठ अभिनेत्री आशालता वाबगावकर यांचे २२ सप्टेंबर रोजी निधन झाले. एप्रिल २०२१ मध्ये राज्यातील चित्रीकरण बंद झाल्यावर अनेक मराठी मालिकांनी गोव्याचा आश्रय घेतला, परंतु मे महिन्यात तेथील परवानग्याही मागे घेण्यात आल्या.

## कायदेशीर चौकट

भारतात चित्रपट कामगारांसाठी १९८१ साली दोन कायदे झाले: एक रोजगाराच्या नियमनासाठी, दुसरा कल्याण निधीसाठी. पहिल्याने लेखी करार बंधनकारक केला. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू करण्यात आली. दृक्‌श्राव्य कामगारांचा तीत समावेश असून, इजा किंवा आजार होऊ शकेल अशा धोक्यांपासून कामाची जागा मुक्त ठेवण्याचे कर्तव्य तिने मालकावर टाकले आहे.

बालकलाकारांबाबत बाल व किशोरवयीन कामगार नियमांत २०१७ साली झालेल्या दुरुस्तीनुसार जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. बालकाकडून दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त, आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त काम करून घेता येत नाही. प्राण्यांच्या वापरासाठी २००१ चे नियम आणि भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची पूर्वपरवानगी आवश्यक आहे. वाघ, सिंह, अस्वल, माकड व बिबट्या यांच्याकडून करमणुकीचे खेळ करून घेण्यास बंदी आहे. ड्रोनचा वापर २०२१ च्या ड्रोन नियमांखाली येतो. लैंगिक छळापासून संरक्षण हा सुरक्षेचाच भाग मानला जात असून २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असावी लागते.

महाराष्ट्रात महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी व सांस्कृतिक विकास महामंडळ एक खिडकी योजनेद्वारे चित्रीकरणाच्या परवानग्यांचे काम पाहते. कामगारांच्या बाजूने १९५६ साली स्थापन झालेला फेडरेशन ऑफ वेस्टर्न इंडिया सिने एम्प्लॉइज हा महासंघ कामाचे तास, विमा आणि अपघातातील भरपाई यांचा पाठपुरावा करतो.

## ग्रामीण व वनक्षेत्रातील मूल्यांकन: मुकुटबन परिसर

स्टुडिओबाहेरच्या मूल्यांकनात स्थानिक भूगोल व ऋतुमान निर्णायक ठरते. यवतमाळ जिल्ह्याच्या झरी जामणी तालुक्यातील मुकुटबन आणि त्याचा परिसर हे याचे बोलके उदाहरण आहे. काळ्या मातीतील कपाशीची शेते, सागाचे जंगल, पैनगंगेचे खोरे, चुनखडी व कोळशाच्या खाणी आणि मोठा सिमेंट कारखाना असे परस्परविरोधी भूदृश्य येथे थोड्या अंतरात आढळते. दृश्यदृष्ट्या समृद्ध असलेला हा परिसर धोक्यांच्या दृष्टीनेही वैविध्यपूर्ण आहे.

'''उष्णता.''' विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जातो. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या निकषानुसार मैदानी प्रदेशात कमाल तापमान ४५ अंशांवर गेल्यास उष्णतेची लाट मानली जाते. अशा काळात जड वेशभूषा, परावर्तक पत्रे व दिवे यांमुळे कलाकाराभोवतीची उष्णता आणखी वाढते. पहाटे व संध्याकाळी काम, दुपारी सक्तीची विश्रांती, सावली, पाणी व क्षारांची सोय हे उपाय योजतात.

'''कीटकनाशके.''' २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. पडद्यावर हिरवेगार दिसणारे कपाशीचे शेत पावसाळ्याच्या उत्तरार्धात नुकतेच फवारलेले असू शकते. शेतमालकाकडून शेवटच्या फवारणीची तारीख व औषधाचे नाव विचारणे, शेतात जेवण न करणे आणि रिकाम्या डब्यांचा प्रॉपर्टी म्हणून वापर टाळणे ही येथील मूल्यांकनाची खास अंगे आहेत.

'''वन्यप्राणी.''' पांढरकवडा तालुक्यातील टिपेश्वर अभयारण्य आणि लगतच्या जंगलात वाघांचा वावर आहे. तेरा जणांच्या मृत्यूशी संबंध जोडल्या गेलेल्या 'अवनी' (टी-१) वाघिणीला २ नोव्हेंबर २०१८ रोजी याच जिल्ह्यात ठार करण्यात आले होते. वन्यप्राण्यांचा प्रश्न केवळ दुर्गम भागापुरता मर्यादित नाही. जुलै २०२३ मध्ये गोरेगावच्या चित्रनगरीत एका मराठी मालिकेच्या संचावर बछड्यासह बिबट्या शिरला, तेव्हा तेथे दोनशेच्या आसपास माणसे होती. वनविभागाची परवानगी, सोबत वनरक्षक, अंधार पडण्यापूर्वी आवराआवर आणि एकट्याने झुडपात न जाणे हे साधे नियम येथे प्राणरक्षक ठरतात. संचावर स्वच्छतागृह नसणे हा वनक्षेत्रात केवळ गैरसोयीचा प्रश्न राहत नाही.

'''सर्पदंश व वीज.''' नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार विषारी सापांवर एकच प्रतिविष उपयोगी पडते, परंतु ते रुग्णालयातच द्यावे लागते. मोसमी पावसाच्या आधी व नंतर विजा पडण्याचे प्रमाण मोठे असते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' हे ॲप विजेची पूर्वसूचना देते. सूचना मिळताच उघड्या रानातील क्रेन, लोखंडी छत्र्या व झाडांपासून दूर होणे आवश्यक असते.

'''खाणी व वाहतूक.''' खाणक्षेत्रात सुरुंगाच्या वेळा ठरलेल्या असतात आणि तेथे प्रवेशासाठी खाण व्यवस्थापनाची लेखी संमती लागते. कोळसा व सिमेंटच्या अवजड वाहनांमुळे रस्त्यावरील दृश्ये वाहतूक पोलिसांच्या मदतीशिवाय घेणे धोक्याचे ठरते.

'''रुग्णालयाचे अंतर.''' वणी हे जवळचे मोठे शहर आहे, तर जिल्ह्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यवतमाळ येथे, सुमारे शंभर किलोमीटर दूर आहे. मुंबईत वीस मिनिटांत उपचार मिळू शकणारी इजा येथे प्राणघातक ठरू शकते. म्हणून येथे तीव्रतेचे गुण मुंबईतील त्याच दृश्यापेक्षा जास्त धरावे लागतात आणि १०८ क्रमांकाच्या सेवेवर विसंबून न राहता स्वतःची रुग्णवाहिका स्थळावर ठेवणे इष्ट ठरते.

'''भाषा.''' परिसरात मराठीच्या वऱ्हाडी रूपाबरोबर गोंडी, कोलामी व तेलुगू बोलली जाते. मुंबईहून आलेल्या पथकाच्या हिंदी-इंग्रजी सूचना गर्दीच्या दृश्यातील स्थानिकांना समजतीलच असे नाही. त्यामुळे स्थानिक समन्वयकाकरवी त्यांच्या भाषेत सूचना देणे हाही नियंत्रणाचा उपाय ठरतो.

अशा स्थळासाठीच्या मूल्यांकनाचा नमुना पुढीलप्रमाणे असू शकतो. त्यातील गुण केवळ पद्धत स्पष्ट करण्यासाठी दिले आहेत.

| धोका | कोणाला | उपायांपूर्वी (शक्यता × तीव्रता) | मुख्य उपाय | उपायांनंतर |
|---|---|---|---|---|
| मे महिन्यात दुपारी शेतातील दृश्य | सर्वांना, विशेषतः गर्दीतील स्थानिकांना | ५ × ४ = २० | ११ ते ४ काम बंद, सावली, पाणी | २ × ४ = ८ |
| फवारलेली कपाशी | कलाकार, कॅमेरा विभाग | ३ × ४ = १२ | फवारणीची चौकशी, अन्य शेताची निवड | १ × ४ = ४ |
| संध्याकाळी जंगलालगत आवराआवर | लाइटमन, सेटिंगचे कामगार | ३ × ५ = १५ | सूर्यास्तापूर्वी समाप्ती, वनरक्षक | १ × ५ = ५ |
| पावसात जनरेटर व केबल | प्रकाशयोजना विभाग | ४ × ५ = २० | गळतीरोधक कळ, उंचावलेले जोड, पावसात पुरवठा बंद | १ × ५ = ५ |

## मर्यादा व टीका

जोखीम मूल्यांकन अनेकदा विमा कंपनी किंवा परदेशी सहनिर्मात्यासाठी भरायचा कागद ठरतो, अशी टीका होते. जुन्या चित्रपटाचा तक्ता तारीख बदलून पुन्हा वापरणे हा त्याचा सर्वसामान्य दोष आहे. छोट्या निर्मितीत स्वतंत्र सुरक्षा अधिकारी परवडत नाही आणि ही जबाबदारी निर्मिती व्यवस्थापकावर पडते. खर्च व वेळ वाचवण्याचे दडपण त्याच्यावरच असल्याने त्याला चित्रीकरण थांबवण्याचा निर्णय घेणे अवघड जाते. त्यामुळे धोका दिसताच कोणालाही काम थांबवता यावे आणि तसे केल्याबद्दल रोजंदारी बुडू नये, अशी तरतूद आवश्यक असल्याचे मत मांडले जाते. रोजंदारीवरील कामगार पुढील काम मिळणार नाही या भीतीने बोलत नाही, ही या व्यवस्थेची मोठी त्रुटी मानली जाते.

दुसरा आक्षेप मूल्यांकनाच्या व्याप्तीविषयी आहे. संहितेतील साहसदृश्यांवर सर्वाधिक लक्ष दिले जाते. परंतु पन्हाळगड, संगम माहुली, गोरेगाव व चेन्नई येथील वर उल्लेखिलेल्या घटनांत मृत्यू पावलेल्या व्यक्ती त्या क्षणी कोणतेही साहसदृश्य करत नव्हत्या. कामाची तयारी, आवराआवर, विश्रांती आणि प्रवास हे कॅमेऱ्याबाहेरचे तास मूल्यांकनात तितक्याच बारकाईने आले, तरच ते पूर्ण मानता येते.

## हेही पहा

* दादासाहेब फाळके चित्रनगरी
* मराठी चित्रपटसृष्टी
* व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य
* झरी जामणी तालुका
* टिपेश्वर अभयारण्य